सातेरीला गावठी म्हणणाऱ्यांनो, दुसऱ्या पावसाळ्यानंतर बोला



आज पिकाची नोंद नाही, आज भांडण आहे. परवा गावात मधमाशीपालनाचा एक कार्यक्रम झाला. चहा-बिस्किटं झाली, पडद्यावर फोटो झाले आणि शेवटी सांगणाऱ्यानं जे सांगितलं ते ऐकून मी खुर्चीत चुळबुळ करत राहिलो. म्हणाले, "तुमच्याकडची सातेरी म्हणजे गावठी माशी. मध कमी देते, पळून जाते. तिच्या नादी लागू नका. मेलिफेराच्या दहा पेट्या घ्या, अनुदान आहे." पाहुण्यापुढं तिथं बोलणं बरं दिसलं नसतं. इथं बोलतो.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्याला पटत नाही त्याचा वेळ वाचेल. चाकण, राजगुरुनगर, आळंदी, तळेगाव या पट्ट्यात ज्याची दोन-चार एकर जमीन राहिलीय, ज्याला मधाचा धंदा करायचा नाही पण पीक नीट भरायला हवं, त्याची माशी सातेरीच. मेलिफेरा वाईट नाही. पण तो फिरस्त्याचा धंदा आहे, आणि आपण एका जागी बसलेली माणसं आहोत. हा फरक न सांगता पेट्या वाटणं म्हणजे शेतकऱ्याच्या गळ्यात धोंडा बांधणं.

आता हे मी पुस्तकातून नाही, गोंड्यातून शिकलो. ते सांगतो.

आपल्या भागाला कांदा नवा नाही. चाकणच्या बाजाराचं नाव कांद्यानंच झालं. कांदा व लसूण संशोधन संचालनालय राजगुरुनगरलाच आहे, भीमा शक्ती, भीमा किरण हे वाण तिथलेच. पण खायचा कांदा पिकवणं वेगळं आणि कांद्याचं बी धरणं वेगळं. कांदा जमिनीत वाढतो, त्याला माशी लागत नाही. बी धरायचं तर माशीशिवाय गत नाही.

कारण बघा. एका गोंड्यात शेकडो बारकी फुलं असतात. प्रत्येक फुलाचा पराग आधी सुटतो आणि त्याच फुलाचा मादी भाग दोन-तीन दिवसांनी तयार होतो. म्हणजे फुलाचा स्वतःचा पराग त्याच्या स्वतःच्या कामाला येत नाही, दुसऱ्या फुलावरून कुणीतरी आणून द्यावा लागतो. पराग चिकट, वाऱ्यानं फारसा जात नाही. आणणार कोण? माशी. ती आली नाही तर गोंडा वरून भरलेला दिसतो आणि हातावर चोळला की नुसतं फोलपट उडतं.

मी ते फोलपट उडताना बघितलंय. वीस गुंठे डेंगळे होते, दांडे छातीला लागत होते, येणारा-जाणारा थांबून बघायचा. बी काढलं तेव्हा तोंड दाखवायला जागा राहिली नाही.

कारण शोधायला लांब जावं लागलं नाही. पहिलं कारण मीच. फुलकिडे फार झाले म्हणून ऐन फुलोऱ्यात फवारणी केली, तीही सकाळी दहाला, कारण मजूर त्याच वेळेला मिळाला. बाकीचे सगळे कंपनीच्या पाळीला गेलेले. फुलं उघडलेली, माशा कामावर आलेल्या आणि वरून माझा पंप. दुपारी सरीत माशा पडल्या होत्या, पाय हलवत होत्या. मी बघितलं आणि पुढं गेलो. तेव्हा डोक्यात एवढंच होतं की फुलकिडे मेले का.

दुसरं कारण गावाचं. सातेरी उघड्यावर पोळं लावत नाही, तिला अंधारी पोकळी लागते. झाडाची ढोली, जुन्या विहिरीची कपार, दगडी बांध, मातीची जाड भिंत. तिथं ती एकामागं एक समांतर पोळी लावते. सात पोळी म्हणून सातेरी, असं जुनी माणसं सांगतात. आमच्याकडं प्लॉटिंग आलं तशा विहिरी मुरुमानं भरल्या, दगडी बांध जेसीबीनं सपाट झाले, वाडे पाडून स्लॅब पडले, रस्त्याची जुनी झाडं गेली. माशीचं घर सातबाऱ्यावर कुठं लिहिलेलं असतं? कुणी नोटीस दिली नाही, कुणी मोबदला दिला नाही. ती गेली आणि गेल्याचं आम्हाला गोंडे फोल निघाल्यावर कळलं.

मग मीही तेच केलं जे परवा त्या कार्यक्रमात सांगत होते. एका विकणाऱ्याकडून मेलिफेराच्या पाच पेट्या आणल्या. खोटं कशाला बोलू, पहिल्या हंगामात छान वाटलं. पेटीत माशाच माशा, मधही निघाला. पण दोन गोष्टी लक्षात आल्या.

एक, कांद्याचा मकरंद माशीला फारसा आवडत नाही. त्यात पोटॅशियम जास्त असतं. जवळ दुसरं काही गोड मिळालं की माशी कांदा सोडते. मेलिफेरा दोन-तीन किलोमीटर आणि त्याहून लांबही सहज जाते. माझ्या पेट्या माझ्या बांधावर, आणि माशा वरच्या वाडीतल्या लसूणघासावर. सातेरीलाही कांदा काही फार प्रिय नाही, पण ती साधारण किलोमीटर-दीड किलोमीटरच्या आत फिरते, घराजवळचं काम जास्त करते. शिवाय जानेवारीतल्या थंड सकाळी मेलिफेराच्या आधी बाहेर पडते.

दुसरी गोष्ट पावसाळ्यात कळली. जून ते सप्टेंबर आपल्याकडं माशीला बाहेर जाता येत नाही आणि बाहेर फारसं काही नसतंही. मेलिफेराचं खटलं मोठं, खाणारी तोंडं जास्त. साखरेचा पाक करता करता घरातले वैतागले. त्यात गांधीलमाश्या लागल्या. दारात एक गांधीलमाशी घिरट्या घालायची आणि एकेक माशी उचलून न्यायची. दिवाळीला पाचातली एक पेटी उरली होती. तीही पुढं बसली आणि आत मेणकिड्याची जाळी तेवढी राहिली. विकणाऱ्याला फोन केला तर म्हणतो, "तुम्ही पेट्या हलवायला पाहिजे होत्या. मोहरीला राजस्थानात, सूर्यफुलाला मराठवाड्यात."

बरोबर बोलला तो! पण हे वाक्य त्यानं पैसे घेताना का नाही सांगितलं? जो खरा मेलिफेरावाला आहे तो पेट्या ट्रकमध्ये घालून फुलोऱ्यामागं हिंडतो, त्याच्याकडं शे-दोनशे पेट्या असतात आणि तो ते नीट करतो. त्याच्याशी माझं भांडण नाही. पण मला दोन म्हशी आहेत, कांदा आहे, घरी म्हातारी आई आहे. मी पाच पेट्या घेऊन भरतपूरला जाऊ?

मेलिफेरा ही युरोपातली माशी. आपल्या देशात ती १९६२ ते १९६४ च्या दरम्यान नगरोटा बगवां इथं, आजच्या हिमाचलात, रुजवली गेली. उत्तरेत मोहरीच्या मैलोगणती पट्ट्यात तिनं चांगलं काम केलं. सातेरी मात्र इथं माणसाच्याही आधीपासून आहे. तिला आपला पाऊस माहीत आहे, आपली गांधीलमाशी माहीत आहे. गांधीलमाशी दाराशी आली की सातेरीचा घोळका तिला गुंडाळतो आणि अंगाच्या उष्णतेनं मारतो. त्या गोळ्याच्या आत ४५ अंशांच्या वर तापतं, गांधीलमाशी मरते आणि सातेरी तेवढं सोसते. मेलिफेरा बहुतेक वेळा एकेकटी लढायला येते आणि एकेकटी जाते.

व्हरोआ म्हणून एक तांबडी, गोचिडीसारखी कीड आहे. जगभरचे मेलिफेरावाले तिच्यापुढं टेकीला आलेत. ती कीड मुळात सातेरीच्याच जातकुळीवरची. सातेरीनं तिच्याशी जमवून घेतलंय. माशा एकमेकींच्या अंगावरून ती वेचून काढतात, आणि कीड वाढते ती बहुतेक नरांच्या पिल्लांत. मेलिफेराच्या कामकऱ्यांच्या पिल्लांतही ती वाढते, म्हणून औषधाशिवाय ते घर फार दिवस टिकत नाही. आता सांगा, गावठी कोण आणि अडाणी कोण?

सातेरीवर जे आक्षेप घेतात त्यांची उत्तरं देतो. लपवाछपवी नाही.

मध कमी देते. हो, कमी देते. मेलिफेराची पेटी वर्षाला साधारण २५ ते ४० किलो देते असं सांगतात, सातेरीची ६ ते ८ किलो. पण ज्यांच्याकडून आपण हे आकडे ऐकतो ते मध मोजतात. मी बी मोजतो. कांद्याचं बी, शेजाऱ्याचं कारलं-दोडकं, बांधावरचा शेवगा, सुनेनं परसात लावलेला भोपळा, हे कोणत्या किलोत धरायचं? आणि महाबळेश्वरच्या मधाचं एवढं नाव झालं ते याच कमी मध देणाऱ्या माशीनं केलं, हेही विसरू नका.

पळून जाते. हो, जाते. पण कधी जाते? रोज उघडून बघितलं की जाते. मुंगळे लागले, मेणकिडा झाला, ऊन लागलं, सगळा मध काढून घेतला की जाते. तुमच्या घरातलं धान्य कुणी सगळं नेलं तर तुम्ही काय कराल? मी पण पहिल्या वर्षी दोन पेट्या घालवल्या. चूक माझी होती, एकदा मध काढताना हाव केली आणि एकदा पेटी उन्हात ठेवली.

रोग येतो. हा आक्षेप खरा आणि गंभीर आहे. १९९१-९२ मध्ये थाई सॅकब्रूड या विषाणूनं केरळ, तमिळनाडू, कर्नाटकात सातेरीची बहुतेक घरं बसवली. पिल्लू कोषात जायच्या आधीच पाण्याच्या पिशवीसारखं होऊन मरतं. त्यावर औषध नाही. म्हणूनच सांगतो, सातेरीही परराज्यातून, परमुलखातून विकत आणू नका. आपल्याच शिवारातली धरा. डोंगरावरची सातेरी काळपट आणि जरा मोठी, आपल्या सपाटीची बारीक, पिवळसर. हिमालयात तर वेगळीच पोटजात आहे. ज्या-त्या मुलखाची माशी त्या-त्या मुलखात. पोळ्यात मेलेली पिल्लं दिसली तर त्या पेटीची चौकट दुसऱ्या पेटीत घालू नका आणि हात धुतल्याशिवाय दुसरी पेटी उघडू नका.

आता माझ्याकडं सातेरी कशी आली ते. भावकीतला एक जुना वाडा पाडायचा होता. भिंतीत मोहोळ होतं. पोरं टेंभा पेटवून तयार होती. मी म्हणलं, थांबा एक दिवस. एका जाणत्या माणसाला बोलावलं आणि संध्याकाळी भिंत हळूहळू उकरून घर पेटीत घेतलं. आज सात पेट्या आहेत. त्यातून शिकलेलं लिहून ठेवतो, कुणाच्या कामाला येईल:

१. जिथं मोहोळाला धोका नाही तिथून ते हलवू नका. विहिरीच्या कपारीतली माशी तिथं राहूनही तुमचंच काम करते. घर पाडायचंच असेल, विहीर बुजवायचीच असेल, तेव्हाच काढा.

२. फुलोरा असताना काढा, संध्याकाळी काढा. पावसाळ्यात नको, बाहेर खायला नसलं की नव्या घरात टिकत नाही.

३. पिल्लांची पोळी अलगद कापून चौकटीत बसवा आणि सुती दोऱ्यानं किंवा केळीच्या सोपटानं बांधा. माशा पोळं चिकटवून घेतात आणि दोरा कुरतडून बाहेर टाकतात. मधाची गळकी पोळी पेटीत घालू नका, मुंग्या लागतात. राणी आत गेली की बाकीच्या आपोआप मागं येतात. राणी राहिली बाहेर, तर सगळी मेहनत वाया.

४. पेटी सातेरीचीच हवी. मेलिफेराची चौकट मोठी, अंतर जास्त. सातेरीला दोन चौकटींच्या मध्यात ३१-३२ मिलिमीटर लागतात, मेलिफेराला ३५. मेणाचा पत्राही मेलिफेराचा चालत नाही, त्याची घरं मोठी असतात. "पेटी म्हणजे पेटी, कुठलीही चालते" म्हणणाऱ्याकडून काहीच घेऊ नका.

५. पेटीच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवा, म्हणजे मुंग्या चढत नाहीत. वर सावली हवी. आठवड्यातून एकदा तळफळी झाडा, मेणकिडा तिथंच वाढतो. याहून जास्त उघडू नका.

६. मध फक्त वरच्या कोठ्यातला, तोही यंत्रावर काढा. खालच्या कोठ्याला हात नाही. पोळं पिळून मध काढणं म्हणजे गाय कापून दूध काढणं. आणि पावसाळ्याचा साठा तिचा तिला ठेवा. तरीही जुलै-ऑगस्टमध्ये थोडा पाक द्यावा लागतो.

७. पहिल्यांदा एकट्यानं करू नका. पुण्यात गणेशखिंड रोडला खादी ग्रामोद्योग आयोगाची केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था १९६२ पासून आहे. आपल्यापासून तासा-दीड तासावर. तिथं शिकून या, मग हात घाला.

फवारणीचं मी आता असं करतो. फुलकिड्यांचा बंदोबस्त गोंडे उमलायच्या आधी उरकतो. फुलोऱ्यात इमिडाक्लोप्रिड, थायामेथोक्झाम, फिप्रोनिल यांची बाटली गोठ्यातून बाहेर निघत नाही. युरोपनं २०१८ मध्ये यातली पहिली दोन उघड्या शेतात वापरायलाच बंद केली, ती माशीसाठीच. अगदीच वेळ आली तर पाच टक्के निंबोळी अर्क, तोही दिवस मावळल्यावर, माशा घरी गेल्यावर. मजूर संध्याकाळी मिळत नाही म्हणता? मलाही मिळत नाही. पंप मी स्वतः पाठीवर घेतो.

आता कृषी खात्यातल्या आणि विद्यापीठांतल्या साहेब लोकांना हात जोडून दोन गोष्टी. तुमच्यातले बरेच जण हे पान वाचतात, म्हणून लिहितो.

पहिली, किती पेट्या वाटल्या हा आकडा आम्हाला सांगू नका. दुसऱ्या पावसाळ्यानंतर त्यातल्या किती जिवंत आहेत तो सांगा. वाटपाचा फोटो सगळे काढतात, रिकाम्या पेटीचा कुणी काढत नाही. आमच्याकडं त्या पेट्यांत कोंबड्या अंडी घालतात, हे मी डोळ्यांनी बघितलंय.

दुसरी, फवारणीची शिफारस देताना औषधाचं प्रमाण सांगता, पाणी सांगता, मग वेळ का सांगत नाही? "फुलोऱ्यात नको, आणि द्यायचंच तर सूर्य मावळल्यावर" एवढी एक ओळ प्रत्येक चिठ्ठीवर आली तर माझ्यासारख्या कितीतरी मूर्खांच्या हातून होणारं पाप वाचेल.

आणि कंपन्या, सोसायट्या. तुमच्या टाकीवर, पुलाखाली जे मोठं मोहोळ लटकतं ते आग्याचं, सातेरीचं नाही. ती चांदण्या रात्री बाहेर पडते आणि तुमच्या मोठ्या दिव्यांवर झेपावते. सकाळी खांबाखाली झाडूनं माशा गोळा करतात. दिवे खाली तोंड करून लावता येतात, गरज नसेल तिथं बंद करता येतात. मोहोळ दिसलं की औषध मारणाऱ्याला बोलावू नका. ती हंगामी पाहुणी आहे, बहुतेक वेळा आपली आपण जाते. जिथं माणसाला खरंच धोका आहे तिथं हलवणारी जाणती माणसं असतात. झाडं लावायचीच असतील तर करंज, जांभूळ, शेवगा, कडुनिंब लावा. हिरवळीच्या गालिच्यात माशीला खायला काही नसतं.

मला माहितीय, कुणीतरी म्हणणार, "जमीनच राहणार नाही दहा वर्षांनी, माशीचं काय घेऊन बसलाय." असेल तसं. पण जोवर माझ्या नावावर दोन एकर आहे तोवर त्यात बी भरलेलं पाहिजे, फोल नको. माझ्या घरचं बी गेलं की मी बियाणासाठी दुकानात रांगेत उभा राहणार, तिथं कुणी मला ओळख देणार नाही.

काल संध्याकाळी गोंडे चोळून बघितले. तळहातावर काळं, टणक बी राहिलं. आईला दाखवलं. तिला आता नीट दिसत नाही, तिनं बोटांनी चाचपून बघितलं आणि म्हणाली, "भरलंय."

तुमच्या गावात पाडायला काढलेल्या भिंतीत, बुजवायच्या विहिरीत सातेरी असेल तर टेंभा पेटवायच्या आधी एक दिवस थांबा. एवढंच मागणं आहे.

राम राम.